अक्का, पाणी हरलं

अक्का,

परवा दारावर बसायला तुमची शिरपूरची मावसबहीण आली होती. बायकांच्या मधोमध बसून तिनं डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "किती सोसलं माझ्या बहिणीनं! शेवटी त्या पोटातल्या पाण्यानंच नेलं हो तिला."

मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते. सुतकाच्या घरात सुनेनं कसं वागायचं हे मला तुम्हीच शिकवलंत. मान खाली, आवाज खाली. पण माझ्या तोंडून निघूनच गेलं, "नाही!" इतक्या मोठ्यानं की बाहेर मांडवात बसलेल्या पुरुषांनी माना वळवल्या. "पाण्यानं नाही नेलं. पाणी जाऊन अडीच वर्षं झाली. त्याला अक्कांनी हरवलं होतं."

मग कोपऱ्यातून शेजारच्या शांताबाई म्हणाल्या, "खरं शे ते." आणि तुमच्याबरोबर बिबडे थापणाऱ्या सगळ्या बायकांनी एकदम माना हलवल्या.

कप ठेवून मी आत आले आणि ठरवलं की हे लिहून काढायचं. लोक उद्या काहीही सांगतील. तुमच्या पोटातल्या पाण्याचा रोजचा हिशेब माझ्याकडे आहे, माझ्या वहीत, माझ्या अक्षरात. आणि त्या वहीत न लिहिलेल्या दोन गोष्टीही माझ्याकडेच आहेत. त्या तुमच्याशी बोलायच्या राहून गेल्या.

सोळा वर्षं मी तुमची सून. रावेरहून लग्न होऊन दोंडाईच्याला आले तेव्हा तुम्ही माझ्या वडिलांसमोरच म्हणाला होतात, "पोरगी शिकेल शे, पन भाकर जाड करस." तुमचा दीपक भुसावळला रेल्वेत, आठवड्यातून एक दिवस घरी. उरलेले सहा दिवस तुम्ही आणि मी. मी सकाळी शाळेत शिकवायला जायची, तुम्ही अंगणात चुलवण पेटवायचात. होळीपासून अक्षय्यतृतीयेपर्यंत आपल्या अंगणात ज्वारीचा घाटा शिजायचा, खाटांवर ओली धोतरं पसरायची आणि आठ बायका त्यावर हातानं पापडासारखे पातळ बिबडे थापायच्या. घाटा उतरायच्या आधी शेवटची चव तुमची. तुम्ही बोटावर घेणार, डोळे मिटणार आणि म्हणणार, "आजून चिमूटभर." ती चिमूटही तुमच्याच हातची. मी एकदा मीठ टाकायला गेले तर तुम्ही माझा हात धरून बाजूला केलात. "मास्तरीनबाई, तू फळा पूस."

मला तेव्हापासून सगळे मास्तरीनबाईच म्हणायला लागले. राग यायचा. खूप यायचा.

दिवाळीनंतर तुमची भूक गेली, उजव्या बरगडीखाली जड वाटायला लागलं. सोनोग्राफीत गाठ दिसली, लिव्हरच्या उजव्या भागात. डॉक्टर म्हणाले, जुनी कावीळ अंगात राहिली असेल, लिव्हर थोडं कडक झालंय, पण गाठ काढता येईल. नाशिकला ऑपरेशन झालं. सहा तास. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, "गाठ पूर्ण निघाली." दीपकनं तिथंच जमिनीवर बसून दोन्ही हात जोडले. आम्हाला वाटलं, संपलं.

खरं तर तिथून सुरू झालं. तुमच्या कुशीतून एक नळी बाहेर काढली होती, तिला पिशवी. आठ दिवसांत नळी काढू म्हणाले होते. आठव्या दिवशी पिशवीत दीड लिटर. नवव्या दिवशी दीड लिटर. पिवळसर, कोऱ्या फिक्या चहासारखं पाणी. पंधराव्या दिवशीही तेवढंच. हात काटकीसारखे झाले आणि पाय मात्र सुजून असे की बोट दाबलं तर खळगा पडून राहायचा.

सर्जननी मला कागदावर चित्र काढून समजावलं. उरलेलं लिव्हर लहान आहे आणि कडक आहे. रक्ताला त्यातून पटकन जाता येत नाही, मागे दाब वाढतो आणि पाणी पोटात झिरपतं. लिव्हर हळूहळू सावरेल, पण तोवर हे पाणी सांभाळावं लागेल. मी विचारलं, "तोवर म्हणजे किती दिवस?" ते म्हणाले, "आठवडे. कदाचित महिने. आणि मॅडम, स्पष्ट सांगतो. त्यात पाण्याला इन्फेक्शन झालं किंवा किडन्या दमल्या, तर अवघड आहे."

हे शेवटचं वाक्य मी तुम्हाला सांगितलं नाही. तुम्हीही विचारलं नाही.

नळीसकट आपण घरी आलो. दीपकचे काका भेटायला आले, तुमच्याकडे बघून बाहेर गेले आणि अंगणात त्याला म्हणाले, "आता कशाला पथ्य-पाणी? तिला जे आवडतं ते खाऊ दे. बिबडे खाऊ दे, शेवभाजी खाऊ दे. समाधानानं जाऊ दे." हळू बोलत होते, पण खिडकी उघडी होती. दीपकचे डोळे भरलेले, मला दिसत होते.

तेवढ्यात आतून तुमचा आवाज आला. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच एवढा मोठा. "भाऊ, तुम्ही चहा पिया आन घर जा. माले आजून मरानं नही शे!"

मग माझ्याकडे बघून तुम्ही म्हणालात, "मास्तरीनबाई, डॉक्टरनी काय काय सांगेल शे ते माले वाची दखाड."

मी वही काढली आणि वाचली. वरून मीठ नाही. लोणचं, पापड, बिबडे, शेव, फरसाण, बेकरीचं काही नाही. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच पातळ लुगड्यात वजन. बेंबीवरून पोटाचा घेर. नळीतलं पाणी किती, रंग कसा. लघवी जास्त व्हायच्या गोळ्या वेळेवर. प्रथिनं भरपूर, अंडी, मूग, दही. निजायच्या आधी काहीतरी खायचंच. दुखलं म्हणून दुकानातून अंगदुखीची गोळी आणायची नाही. ताप आला, पोट दुखलं, बोलण्यात घोळ झाला तर त्याच मिनिटाला धुळ्याला.

तुम्ही सगळं ऐकलंत. "अंडी?" म्हणालात. जन्मात अंडं खाल्लं नव्हतं तुम्ही.

"हो."

"बरं. पन गल्लीले सांगू नको."

दुसऱ्या दिवशी शांताबाई पदराखाली झाकून सहा अंडी घेऊन आल्या तेव्हा मला कळलं की तुम्हीच सगळ्या गल्लीला सांगून टाकलंय.

पहिले दिवस फार वाईट गेले अक्का, खोटं कशाला बोलू? अळणी भाजीचं ताट तुम्ही तीनदा सरकवलंत. "हाई काय जेवन शे? ढोरं बी तोंड फिरावतीन." मी म्हणायची, "तुम्हीच म्हणालात ना, मरायचं नाही?" तुम्ही म्हणायचात, "मरानं नही, पन जेवानं तर शे!" मग आपण दोघी चुलीपुढं बसलो. मीठ नाही तर काय काय आहे, हे बघायला. लसूण होता, जिरं होतं, भाजलेली मिरची होती. तीळ, कोथिंबीर, कच्चा कांदा. वांगी तुम्ही मला काड्यांवर भाजायला लावलीत, गॅसवर नाही, कपाशीच्या काड्यांवर, धूर डोळ्यांत जाईपर्यंत. "धूरमा चव ऱ्हास," म्हणालात. त्या अळणी भरितात मी लिंबू पिळलं. तुम्ही घास घेतलात, थांबलात. पुन्हा घेतलात. पूर्ण ताट संपवलंत आणि हात धुताना म्हणालात, "भरीतमा लिंबू चालस नही."

हा वाद तीन वर्षं चालला. तुम्ही दर वेळी संपवायचात आणि दर वेळी हेच म्हणायचात. मी अजूनही म्हणते, चालतं.

महिन्याभरानं नळी काढली, टाका घातला. वाटलं होतं, आता सुटलो. पण पाण्याला बाहेर यायला वाट राहिली नाही आणि पोट भरायला लागलं. आठ दिवसांत घेर इतका वाढला की तुम्हाला वाकता येईना, चार घासांत पोट भरायचं, बसल्या जागी धाप लागायची. धुळ्याच्या डॉक्टरीण मॅडमनी सुईनं पाणी काढलं. जवळजवळ पाच लिटर. हाताच्या शिरेतून प्रथिनांची बाटली चालू आणि कुशीतून पाणी बाहेर. तुम्ही पलंगावर एका कुशीवर पडून भांड्याकडे बघत होता. मॅडमना म्हणालात, "बाई, यवढं पानी जर मना विहिरीले ऱ्हातं ना!"

मॅडम एवढ्या हसल्या की त्यांना मास्क सारखा करावा लागला.

दर दहा-बारा दिवसांनी धुळ्याची फेरी. शाळेतून मी अर्धी रजा टाकायची. परत येताना तुम्ही गाडीत हलक्या झालेल्या पोटावर हात फिरवत बसायचात. दोन दिवस बरे जायचे. चौथ्या दिवशी काटा पुन्हा वर. मला शाळेत फळ्यावर लिहिताना तोच आकडा दिसायचा. आज सकाळी साठ. काल साडेएकोणसाठ. मी बाथरूममध्ये जाऊन रडायची. तुमच्यासमोर मात्र मी फक्त आकडा सांगायची, आणि तुम्ही म्हणायचात, "लिख. सकाय बी दखू."

आता पहिली गोष्ट.

होळी झाली आणि बायका आल्या. मला वाटलं होतं, यंदा बिबडे नाहीत. तुम्ही मात्र शांताबाईंना आधीच निरोप धाडला होता. तुम्ही उठायचं नाही, फक्त खुर्चीत बसून सांगायचं, असं ठरलं. त्या दिवशी मी शाळेतून लवकर आले. अंगणात पाऊल टाकलं आणि बघते तर तुम्ही पातेल्याशी उभ्या, बोटावर घाटा, बोट तोंडात, डोळे मिटलेले.

तीन दिवस वजन चढत होतं. त्याचं कारण मला समोर दिसलं. मी आठ बायकांच्या देखत ओरडले. काय काय बोलले! "मी इथं चिमूट-चिमूट मोजते, आणि तुम्ही माझ्या पाठीमागं हे करता? कुणासाठी करते मी? मरायचंच असेल तर मला सांगा, मी ही वही चुलीत घालते!"

तुमचा चेहरा असा झाला की तसा मी कधी पाहिला नव्हता. तुम्ही खाली वाकायचा प्रयत्न केलात, पोटामुळं वाकता आलं नाही. शांताबाईंनी पायाशी ठेवलेलं तसराळं उचलून माझ्यापुढं धरलं. त्यात थुंकलेला घाटा होता, आणि शेजारी चूळ भरायचा तांब्या.

"सकाळपासून चव घेऊन थुंकतात," शांताबाई म्हणाल्या. "एक कण पोटात नाही गेला. आम्ही बघतोय ना."

तुम्ही एवढंच म्हणालात, "तू माले चोर समजनी का?"

आणि आत गेलात. मी अंगणात उभी. घाटा करपायला लागला होता, कुणी ढवळलाही नाही.

मी माफी मागायला हवी होती. त्याच क्षणी. मी स्वयंपाकघरात गेले, मूग शिजवले, ताट तुमच्यापुढं ठेवलं आणि म्हटलं, "जेवून घ्या." तुम्ही जेवलात. सकाळी काट्यावर उभ्या राहिलात. मी आकडा सांगितला, तुम्ही "लिख" म्हणालात. आपलं बोलणं पुन्हा सुरू झालं आणि मी समजले, झालं गेलं. पण तो शब्द मी कधी बोललेच नाही. तुमच्यासारखी चवीची जाणकार बाई, तोंडात आलेली चव थुंकून टाकत होती, सबंध दिवस, जगायचं म्हणून. आणि मी तिला आठ जणींसमोर चोर ठरवलं.

त्यानंतर मॅडमनी गोळ्या वाढवल्या. एक गोळी अशी होती की तिच्यामुळं पाणी जातं पण शरीरात पोटॅशियम साठतं. म्हणून केळी बंद. माझे वडील दर महिन्याला रावेरहून केळीचा घड पाठवायचे, आणि तेरा वर्षं तुम्ही त्याला नावं ठेवली होतीत. बंद झाल्यावर मात्र तुम्ही रोज घडाकडे बघायला लागलात. "तुना बापले सांग, यवढी चांगली केळं आते कशाले धाडस!" तुम्हाला हसताना बघून मलाही हसू यायचं. पाणी काढायच्या फेऱ्यांमधलं अंतर पंधरा दिवसांवर गेलं होतं. पहिल्यांदा वाटत होतं की आपण पुढं सरकतोय.

आणि मग मी ते मीठ आणलं. ही दुसरी गोष्ट.

धुळ्याच्या एका मोठ्या दुकानात मला पुडा दिसला. कमी सोडियमचं मीठ. मला वाटलं, सापडलं! तुमचा हिरमुसला चेहरा रोज बघून मला काहीतरी आनंदाचं द्यायचं होतं. कदाचित त्या अंगणातल्या दिवसाची भरपाईही करायची होती. कुणाला न विचारता मी तो पुडा आणला आणि वरणात घातलं. तुम्ही भुरका मारलात आणि माझ्याकडे असं बघितलंत की जणू मी सोनं आणलंय. "मीठ शे?" मी म्हटलं, "हे चालतं. हे वेगळं आहे." मी, विज्ञान शिकवणारी. पुड्याच्या मागं बारीक अक्षरांत लिहिलं होतं की सोडियमच्या जागी त्यात पोटॅशियम घातलंय. मी पुढचं वाचलं, मागचं वाचलं नाही.

आठव्या दिवशी तुमचे पाय लटपटायला लागले. हातात पेला धरवेना. छातीत मध्येच चुकल्यासारखं होतंय म्हणालात. सकाळी सातला आपण धुळ्याला निघालो. रक्त तपासलं, छातीची पट्टी काढली आणि मॅडमचा चेहरा बदलला. धावपळ झाली, इंजेक्शनं दिली, मॉनिटर लावला. मॅडम तुमच्या पलंगाशी आल्या आणि कडक आवाजात विचारलं, "खाण्यात काय बदललं? केळी? नारळपाणी? काहीतरी नक्की बदललंय. हृदय थांबलं असतं, कळतंय का?"

माझं तोंड उघडलं होतं अक्का. मी सांगणार होते. पण माझ्या आधी तुम्ही बोललात.

"मीच मांगं बाई. शेजारनीकडतीन ते नवं मीठ मांगीसन खादं. हिले ठावं नही. हिले काय बोलू नका."

मॅडम तुमच्यावर रागावल्या. खूप रागावल्या. त्या मिठात काय असतं ते तुम्हाला समजावून सांगितलं, आणि तुम्ही लहान पोरीसारख्या मान हलवत ऐकत होतात. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. ज्या बाईनं इतकी वर्षं माझी एक जाड भाकर सोडली नाही, तिनं माझी एवढी मोठी चूक, जिच्यात तिचा जीव जाणार होता, ती स्वतःच्या अंगावर घेतली. मॅडम गेल्यावर मी म्हटलं, "अक्का, का?"

तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "तुले कोनी बोलनं तर वही कोन लिखी?"

म्हणजे मस्करीत उडवलंत. नेहमीसारखं. आणि मी पुन्हा गप्प राहिले. दीपकलाही सांगितलं नाही. काल सांगितलं. तो म्हणाला, "मला माहीत होतं. आईनंच सांगितलं होतं. म्हणाली, तिच्यापुढं हा विषय काढायचा नाही, नाहीतर ती खचेल."

म्हणजे तुम्ही दोघांनी मिळून जवळजवळ तीन वर्षं मला सांभाळलं. आणि मी समजत होते, मी तुम्हाला सांभाळतेय.

तिथून पुढं मात्र पाणी मागं सरकत गेलं. पंधरा दिवसांचे तीन आठवडे झाले. तिनाचे पाच. लिव्हर सावरत होतं, मॅडम म्हणायच्या, रक्तातली प्रथिनं चढतायत. पाय उतरले. तुमचे घोटे पुन्हा दिसायला लागले तेव्हा तुम्ही जोडव्यांची पुडी काढलीत. सुजेमुळं काढून ठेवली होती ती. तुमचा घेर एक-एक सेंटीमीटर कमी होत होता आणि मी वर्गात पोरांना वजाबाकी शिकवताना उगाचच हसायची.

पोळ्याच्या आधी एकदा मॅडमनी सुई तयार ठेवली, सोनोग्राफीचं यंत्र पोटावर फिरवलं आणि सुई बाजूला ठेवली. "काढण्याएवढं नाहीच आहे," म्हणाल्या. दसऱ्याच्या सुमारास पुन्हा बोलावलं. त्यांनी डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं, खाली, वर. मग त्यांनी पडदा आपल्याकडे वळवला.

"अक्का, बघा. काही नाही."

"बठ्ठं गयं?"

"सगळं गेलं. थेंब नाही."

तुम्ही उठून बसलात, पोटावरची ती चिकट जेल तशीच, आणि म्हणालात, "मास्तरीनबाई, लिख!"

माझ्या हातून पेन पडलं. मॅडमनी उचलून दिलं. वहीच्या त्या पानावर आकड्याच्या जागी मी फक्त "नाही" असं लिहिलं, आणि त्याच्यावर पाण्याचा डाग आहे. तो माझ्या डोळ्यांचा.

बाहेर बाकावर तळोद्याकडचे नवरा-बायको बसले होते. नवऱ्याचंही ऑपरेशन झालेलं, पोट तट्ट फुगलेलं, मान खाली. तुम्ही सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिलात आणि चारचौघांत लुगडं कमरेशी घट्ट करून पोट दाखवलंत. "दख भाऊ. मन्ह बी असंच व्हतं. आठ महिना. तुन्ह बी जाई. पन ही जे सांगस ते ऐकनं पडी," आणि मला पुढं ढकललंत. मी त्या बाईला अर्धा तास सगळं समजावलं. वजन कसं, घेर कसा, कोणत्या मिठाच्या पुड्याला हात लावायचा नाही. तुम्ही बाजूला बसून ऐकत होता, आणि मध्येच तिला म्हणालात, "भरीतमा लिंबू पिळजो. चांगलं लागस."

मी वळून बघितलं तर तुम्ही दुसरीकडे बघत होता.

त्यानंतरची अडीच वर्षं तुमची होती. कमी मिठाचीच, पण तुमची. दोन उन्हाळे अंगणात घाटा शिजला. गोळ्या कमी होत होत एकच उरली. तपासण्यांत गाठ पुन्हा दिसली नाही. बहिणीच्या नातीच्या लग्नात तुम्ही खापरावर मांडे केलेत, हातावर घेऊन असे फिरवलेत की फोटोवाला नवरी सोडून तुमच्याकडे आला. मुक्ताईनगरला मुक्ताईच्या दर्शनाला गेलो तेव्हा रांगेत तुम्ही माझ्या पुढं होतात आणि मला दम लागला होता.

गेल्या मंगळवारी सकाळी तुम्ही ओट्यावर मिरच्यांचे देठ खुडत बसला होतात. चहा संपवला, कप बाजूला ठेवलात, शांताबाईंना कसल्यातरी गोष्टीवरून दोन शब्द सुनावलेत आणि भिंतीला टेकलात. डॉक्टर आले तोवर सगळं संपलं होतं. हृदय थांबलं, म्हणाले. दोन मिनिटांत, कदाचित त्याहून कमी. तुमच्या हातात मिरची होती.

अक्का, मला माफ करा. अंगणातल्या त्या दिवसासाठी. तुम्ही चोर नव्हतात. आणि त्या पलंगाशी माझ्या आधी बोललात, त्यासाठी मी तुमच्या पाया पडते. हे दोन्ही जिवंतपणी सांगितलं असतं तर तुम्ही "फळा पूस" म्हणाला असतात. तेवढंही ऐकायला मिळालं असतं.

शेवटची आंघोळ आम्ही घातली. शांताबाई, तुमची सख्खी बहीण, धाकट्या जाऊबाई आणि मी. पदर बाजूला केला. उजव्या बरगडीखाली ऑपरेशनचा लांब व्रण, कुशीत नळीची जागा, सुयांचे बारीक डाग. सगळे पांढरे पडलेले, जुने. मी तळहात तुमच्या पोटावर ठेवला. रोज सकाळी घेर घेताना ठेवायची तसाच. पोट सपाट होतं. मऊ होतं. कुठंही ताण नव्हता, कुठंही फुगीर नव्हतं.

"शांताबाई, हात लावून बघा," मी म्हटलं.

त्यांनी लावला. मग तुमच्या बहिणीनं लावला. मग जाऊबाईंनी. चार हात तुमच्या पोटावर, आणि शांताबाई रडता रडता म्हणाल्या, "बाई वं, जिकी गयी ना ही!"

आणि आम्ही चौघी, तुम्हाला आंघोळ घालताना, मोठ्यानं हसलो.